बृहत् आराखडा: विद्यापीठाचे नियोजन आणि विद्यापीठाची ओळख

तालुक्याच्या गावी नवे महाविद्यालय काढावे असे एखाद्या शिक्षणसंस्थेने ठरवले, की जागा, इमारत आणि प्राध्यापक यांच्याही आधी तिला एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते: विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात त्या गावासाठी बिंदू आहे का? बिंदू म्हणजे नव्या महाविद्यालयासाठी आराखड्यात ठरवून दिलेले ठिकाण. तो असेल तर अर्ज करता येतो. नसेल तर पुढचा पंचवार्षिक आराखडा येईपर्यंत थांबावे लागते. शिक्षणसंस्थांच्या कार्यालयांत ‘बृहत् आराखडा’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे, पण विद्यार्थी आणि पालक यांच्यापर्यंत तो फारसा पोहोचलेला नाही. वास्तविक बारावीनंतर आपल्या मुलीला किती दूर जावे लागेल, घराजवळच्या महाविद्यालयात विज्ञान शाखा असेल की केवळ कला शाखा, आणि पदवीनंतर तिच्यासाठी त्याच भागात काही पुढचे शिक्षण असेल का, हे बऱ्याच अंशी या कागदपत्रावर अवलंबून असते. म्हणून हा आराखडा काय असतो, तो कसा तयार होतो आणि त्यात काय राहून जाते, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९९४ चा विद्यापीठ कायदा होता. नव्या कायद्यामागे अरुण निगवेकर, अनिल काकोडकर, राम ताकवले आणि कुमुद बन्सल यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांचे अहवाल होते. या कायद्याच्या कलम १०७ नुसार प्रत्येक विद्यापीठाने दर पाच वर्षांसाठी एक बृहत् आराखडा तयार करायचा असतो. उच्च शिक्षणाच्या सोयी आपल्या कार्यक्षेत्रात न्याय्य रीतीने वाटल्या जाव्यात आणि जिथे त्या पोहोचलेल्या नाहीत किंवा अपुऱ्या आहेत अशा भागांचा विशेष विचार व्हावा, ही त्यामागची कायद्याची अपेक्षा आहे. आराखडा विद्याशाखांच्या प्रमुखांचे अधिष्ठाता मंडळ तयार करते, तो विद्यापरिषद आणि व्यवस्थापन परिषदेतून अधिसभेकडे, म्हणजे विद्यापीठाच्या प्रतिनिधी सभेकडे जातो, आणि शेवटी राज्य स्तरावरील आयोगाची मान्यता घ्यावी लागते. महाराष्ट्र राज्य उच्च शिक्षण व विकास आयोग असे त्याचे लांबलचक नाव असून सर्वजण त्याला ‘माहेड’ म्हणतात. त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. पाच वर्षांच्या आराखड्यातून दरवर्षी एक वार्षिक आराखडा काढला जातो, त्यातल्या बिंदूंसाठी संस्था अर्ज करतात, विद्यापीठ छाननी करून शिफारस करते, शासन आधी इरादापत्र, म्हणजे तत्त्वतः मंजुरी देते, अटी पूर्ण झाल्यावर अंतिम परवानगी देते, आणि त्यानंतर विद्यापीठाची संलग्नता मिळते, म्हणजे महाविद्यालय त्या विद्यापीठाशी जोडले जाते.

बिंदू कसे ठरतात? तालुक्याची लोकसंख्या, बारावी उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या, आधीची महाविद्यालये आणि त्यांच्यातील अंतर, रस्ते आणि एस.टी.ची सोय, मुलींचे प्रमाण, आदिवासी किंवा डोंगराळ भाग अशा गोष्टी पाहिल्या जातात. याशिवाय ‘सकल नोंदणी प्रमाण’ नावाचे एक मोजमाप असते. १८ ते २३ या वयोगटातील दर शंभर तरुणांमागे किती जण उच्च शिक्षणात नाव नोंदवून आहेत, हे त्यावरून कळते. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या पाहणीनुसार हे प्रमाण देशात २८.४ आणि महाराष्ट्रात ३५.३ होते, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत ते ५० वर न्यायचे ठरवले आहे. राज्याची सरासरी मात्र एका तालुक्याबद्दल काहीच सांगत नाही. पुण्यातल्या एका रस्त्यावर चार महाविद्यालये असू शकतात आणि एखाद्या दुर्गम तालुक्यात एकही वरिष्ठ महाविद्यालय नसू शकते. सरासरीच्या आतला हा फरक उघडा करणे हे आराखड्याचे पहिले काम आहे, आणि ते तो निदान कागदावर तरी करतो.

माझ्या मते अडचण यापुढे सुरू होते. नियोजनात दोन प्रश्न असतात: कुठे, आणि कशासाठी. आपले आराखडे पहिल्या प्रश्नाला तपशीलवार उत्तर देतात. तक्ते असतात, तालुकावार याद्या असतात, शाखा आणि विषय लिहिलेले असतात. दुसऱ्या प्रश्नाजवळ आल्यावर भाषा एकदम मोघम होते. गुणवत्ता, नवोपक्रम, सर्वसमावेशकता, जागतिक दर्जा हे शब्द येतात, आणि आराखड्याच्या मुखपृष्ठावरील विद्यापीठाचे नाव झाकले तर आतला मजकूर कोल्हापूरचा आहे की जळगावचा, हे ओळखता येऊ नये अशी अवस्था होते. एका विद्यापीठाची ओळख दुसऱ्याच्या ओळखीपासून वेगळी नसेल, तर पैसे, पदे आणि वेळ यांची निवड कशाच्या आधारे करायची, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. नियोजन म्हणजे शेवटी निवड असते; अमुक करायचे ठरवले तर तमुक सोडावे लागते. सर्वच विद्यापीठे सर्व काही करू पाहत असतील, तर आराखडा म्हणजे केवळ इच्छांची यादी होते.

हे असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली कोलकाता आणि मद्रास यांच्यासोबत स्थापन झाले, तेव्हा समोर नमुना होता तो लंडन विद्यापीठाचा. ते विद्यापीठ त्या काळी स्वतः शिकवत नसे. महाविद्यालयांत शिकलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन पदवी देणे हे त्याचे काम होते. लंडनने १९०० च्या सुमारास आपली रचना बदलून अध्यापनालाही स्थान दिले. आपल्याकडे विद्यापीठांत अध्यापन विभाग आले, संशोधनही आले, पण संलग्न महाविद्यालयांचा अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे आणि निकाल लावणे हेच विद्यापीठाचे सर्वात मोठे काम राहिले.

शिवाय आपली बहुतेक विद्यापीठे एखाद्या वेगळ्या शैक्षणिक कल्पनेतून उभी राहण्याऐवजी मोठ्या विद्यापीठाच्या विभाजनातून उभी राहिली. नागपूर १९२३ साली आणि पुणे १९४९ साली झाले. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. नागपूरच्या क्षेत्रातून १९८३ मध्ये अमरावती वेगळे झाले, पुण्याच्या क्षेत्रातून १९९० मध्ये जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, औरंगाबादच्या क्षेत्रातून १९९४ मध्ये नांदेड, शिवाजी विद्यापीठातून २००४ मध्ये सोलापूर या एकाच जिल्ह्यासाठी एक, आणि नागपुरातूनच २०११ मध्ये गडचिरोली व चंद्रपूर यांच्यासाठी गोंडवाना विद्यापीठ. गोव्यातील महाविद्यालयेही मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती; १९८५ साली गोवा विद्यापीठ सुरू झाल्यावर ती तिकडे गेली. प्रत्येक विभाजनामागे खरी गरज होती: विद्यार्थ्याला एका गुणपत्रिकेसाठी रात्रभर प्रवास करावा लागू नये. पण वेगळ्या झालेल्या विद्यापीठाने सोबत काय नेले, तर जुन्याचेच नियम, जुन्याचाच अभ्यासक्रम आणि परीक्षेचे तेच यंत्र. जिल्हे बदलले, काम तेच राहिले.

याला महत्त्वाचे अपवाद आहेत, आणि ओळख म्हणजे काय हे त्यांच्यावरूनच सर्वात चांगले समजते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केले तेव्हा त्यांच्यासमोर जपानमधील महिला विद्यापीठाचे उदाहरण होते, आणि ‘कोणासाठी’ व ‘कसे’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होती: स्त्रियांसाठी, आणि शक्य तिथे मातृभाषेतून. सुरुवातीच्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि सरकारी मान्यता तर स्वातंत्र्यानंतर मिळाली, तरी आपण काय आहोत याबद्दल त्या संस्थेला कधी शंका पडली नाही. पुढे विठ्ठलदास ठाकरसी यांनी दिलेल्या पंधरा लाखांच्या देणगीनंतर त्यांच्या मातोश्रींच्या नावावरून ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ झाले. त्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जिल्ह्यांच्या हद्दीत मावत नाही. ते उद्दिष्टाने ठरलेले आहे.

दुसरे उदाहरण मराठवाड्याचे आहे, आणि त्यावर थोडे अधिक थांबायला हवे. निजामाच्या राज्यातल्या या भागातील महाविद्यालयीन शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, आणि ज्यांच्या घराण्यात कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशी मुले तिथे पदवीपर्यंत पोहोचू लागली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. मोर्चे, सत्याग्रह आणि तुरुंगवास यांची सोळा वर्षे गेल्यावर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. आजही दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर हजारो माणसे अभिवादनाला जमतात. विद्यापीठाचे नाव ही समाजाच्या दृष्टीने किती मोठी गोष्ट असते, याचा यापेक्षा ठळक पुरावा मला माहीत नाही. लोकांनी त्या नावासाठी जे सोसले ते पाटीवरच्या अक्षरांसाठी सोसलेले नव्हते; या विद्यापीठात आमच्या मुलांना मानाने जागा असेल, असे वचन त्यांना त्या नावात दिसत होते.

म्हणून अशा विद्यापीठाच्या पंचवार्षिक आराखड्यात त्या वचनाचा हिशेब असायला हवा. घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत आलेले किती विद्यार्थी आहेत, त्यांपैकी पहिल्या वर्षानंतर किती गळतात, वसतिगृहात किती जागा कमी पडतात, शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात हातात पडते, संशोधनाला किती जण पोहोचतात, हे आकडे त्या विद्यापीठाच्या ओळखीचे आकडे आहेत. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. ज्या स्त्रीला लिहितावाचता येत नव्हते आणि जिच्या बोलीतल्या ओव्यांनी मराठी कविता समृद्ध झाली, तिचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाने अहिराणी आणि तावडीसारख्या बोली, शेतकरी स्त्रियांचे ज्ञान आणि प्रौढ वयात शिकू पाहणाऱ्या बायका यांना आपल्या आराखड्यात मध्यवर्ती जागा द्यावी, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. ग्रामसभांच्या हाती जंगल आलेल्या जिल्ह्यातील गोंडवाना विद्यापीठाला बांबू, वनउपज, ग्रामसभेचा हिशेब आणि गोंडी, माडिया भाषा हे विषय देशातल्या कोणत्याही विद्यापीठापेक्षा अधिक जवळचे असायला हवेत. तिथे मुंबईच्या धर्तीचा वाणिज्य अभ्यासक्रम असू नये असे नाही, पण केवळ त्यासाठी वेगळ्या विद्यापीठाची गरज नव्हती.

ओळख स्पष्ट असली की काय होते, हे पाहायला दूर जावे लागत नाही. राज्यातली चार कृषी विद्यापीठे, म्हणजे राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (१९७२), ही वेगळ्या कायद्याखाली येतात. हवामान, माती आणि पिके यांच्या विभागांनुसार त्यांची वाटणी झाली आणि शिक्षण, संशोधन व विस्तार (म्हणजे ते ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणे) अशी तीन कामे त्यांना सुरुवातीलाच नेमून दिली गेली. त्यांचेही प्रश्न आहेत, रिक्त पदांचा प्रश्न तर मोठाच आहे, पण कोकणातल्या शेतकऱ्याला विचारले तर तो काजूची ‘वेंगुर्ला ४’ किंवा ‘वेंगुर्ला ७’ ही जात सांगतो, ज्वारी पिकवणाऱ्याला ‘परभणी मोती’ माहीत असते, आणि बियाण्याच्या नावाआधी ‘फुले’ आले की ते राहुरीचे हे पश्चिम महाराष्ट्रात सांगावे लागत नाही. विद्यापीठाची ओळख बांधावर पोहोचली, कारण विद्यापीठ कशासाठी आहे हे कागदावर आधी ठरले होते.

सगळ्या विद्यापीठांचा मिळून एकत्रित विचार करण्याचे जगातले सर्वात गाजलेले उदाहरण कॅलिफोर्नियाचे आहे. तिथे १९६० साली उच्च शिक्षणाचा एक महाआराखडा तयार झाला; त्यामागे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांचा पुढाकार होता. त्यात सार्वजनिक संस्थांचे तीन थर केले गेले. शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांसाठी संशोधन आणि पीएच.डी.चे काम करणारे कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एकतृतीयांश विद्यार्थ्यांसाठी प्रामुख्याने पदवी व अध्यापनावर भर देणारी राज्य महाविद्यालये (जी पुढे राज्य विद्यापीठ झाली), आणि शिकण्याची इच्छा असलेल्या सर्वांसाठी दोन वर्षांची सामुदायिक महाविद्यालये. शिवाय तिसऱ्या थरातून वरच्या थरात जाण्याची वाट मोकळी. या आराखड्याचे बळ त्यातल्या मनाईत होते. कोणी काय करायचे नाही, हेही त्याने लिहून ठेवले, आणि त्यामुळे प्रत्येक शहरातल्या महाविद्यालयाला संशोधन विद्यापीठ होण्याची स्पर्धा लागली नाही. त्याच्या मर्यादाही पुढे दिसल्या: शिकवणी शुल्क नसावे हे त्याचे तत्त्व टिकले नाही, आणि खालच्या थरातून वर जाण्याची वाट कागदावर होती तितकी प्रत्यक्षात रुंद निघाली नाही. विद्यार्थ्यांना अठराव्या वर्षीच टक्क्यांनी थरांत विभागणे मला पटत नाही, आणि जातीच्या उतरंडीशी झगडणाऱ्या समाजात त्याचे परिणाम अधिकच वाईट होतील. घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की राज्यातल्या विद्यापीठांनी एकत्र बसून कामाची वाटणी केली आणि ती कायद्यात नोंदवली. माहेडसारख्या आयोगाकडे महाराष्ट्रात हे काम येऊ शकते, कारण सर्व विद्यापीठांचे आराखडे एकाच टेबलावर येतात ते तिथेच.

अर्थात आराखडा कितीही चांगला असला तरी तो अमलात आणायला माणसे आणि पैसा लागतो. सार्वजनिक विद्यापीठातील मंजूर पदांचे वेतन शासन देते आणि पद भरण्याची परवानगीही शासनाकडूनच यावी लागते. ती वर्षानुवर्षे अडली, की निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाच्या जागी तासिका तत्त्वावर कोणीतरी येते, आणि पाच वर्षांचा विचार करायला पाच वर्षे टिकणारे माणूसच विभागात उरत नाही. दुसरीकडे संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षांचे ओझे इतके मोठे असते, की कुलगुरूंपासून लिपिकापर्यंत सर्वांचे वर्ष वेळापत्रक, पेपर तपासणी आणि निकाल यांतच जाते. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याची पद्धत घाईने आणली तेव्हा निकाल कित्येक आठवडे रखडले, आणि शतकोत्तर हीरक महोत्सवाच्या वर्षात त्या विद्यापीठाची चर्चा झाली ती फक्त निकालांची. नव्या बिंदूंवर उघडणारी महाविद्यालयेही बहुतांशी विनाअनुदानित असतात. तिथे शुल्कावर सारा गाडा चालतो, त्यामुळे ज्या अभ्यासक्रमाला विद्यार्थी पटकन मिळतात तोच निघतो. सोय नसलेल्या भागाला प्राधान्य द्या असे कायदा सांगतो, पण तिथे पदरमोड करून महाविद्यालय चालवायला कोण पुढे येणार, याची तजवीज आराखड्यात नसते.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची असे म्हटले आहे. स्वायत्त महाविद्यालये आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, मुंबईत डॉ. होमी भाभा आणि साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने महाविद्यालयांचे समूह एकत्र येऊन समूह विद्यापीठे झाली आहेत. मोठी, नावाजलेली महाविद्यालये आधी बाहेर पडतील, आणि विद्यापीठाकडे राहतील ती लहान, ग्रामीण, अशक्त महाविद्यालये आणि त्याचे स्वतःचे विभाग. परीक्षेचे काम आणि त्यासोबत येणारे शुल्क कमी झाल्यावर विद्यापीठ काय म्हणून उभे राहणार, हे आत्ताच्या आराखड्यातच ठरवावे लागेल. लहान महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना संशोधनाची साथ देणारे, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय वाटून वापरू देणारे, आपल्या भागाच्या प्रश्नांवर काम करणारे केंद्र म्हणून विद्यापीठ उभे राहू शकते. मला तीच दिशा योग्य वाटते. पण त्यासाठी उपपरिसर, बससेवा, वसतिगृह आणि पदे यांची तरतूद बिंदूंच्या यादीइतक्याच तपशिलाने लिहावी लागेल.

सामान्य नागरिकाचा यात हात पोहोचतो तो अधिसभेच्या मार्गाने. बृहत् आराखडा अधिसभेपुढे येतो, आणि अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. विद्यापीठाचा कोणताही पदवीधर विहित नमुन्यात नोंदणी करून या निवडणुकीत मत देऊ शकतो. प्रत्यक्षात पदवीधरांच्या एकूण संख्येच्या मानाने नोंदणी करणारे फारच थोडे असतात, आणि ज्या संघटना नोंदणी करवून घेतात त्यांचेच उमेदवार निवडून येतात. आपल्या विद्यापीठाचा आराखडा हाती आला तर तालुकावार यादी शेवटी वाचावी. आधी तीन गोष्टी शोधाव्यात: मागच्या आराखड्यातले किती बिंदू प्रत्यक्षात आले आणि किती रिकामे राहिले याचा हिशेब दिला आहे का, या पाच वर्षांत विद्यापीठ कोणते काम थांबवणार किंवा दुसऱ्या विद्यापीठाकडे सोपवणार हे कुठे लिहिले आहे का, आणि मुखपृष्ठावरील नाव झाकून वाचले तर हा आराखडा याच भूभागाचा, याच विद्यार्थ्यांचा आहे हे कोणत्या पानावर कळते.